मामा तलावात मशीन उतरवण्याआधी काय काय तपासावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: गोंदिया जिल्ह्यातलं गाव, गावाला साधारण २५ एकरांचा मामा तलाव, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या (महसूल गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या) काळातला माजी मालगुजारी तलाव. तलाव गाळाने उथळ झालाय, निम्म्या पोटात बेशरमीची झुडपं माजली आहेत, मासेमारी करणाऱ्या ढीवर बांधवांची मासोळी घटली आहे. सप्टेंबरात पावसाने दडी मारली की धान निसवताना एका पाण्यासाठी मारामार होते. गाळ काढायला मंजुरी मिळाली आहे, एप्रिलात पोकलेन येणार. तर कुठे खोदायचं, किती खोदायचं आणि काय सांभाळायचं?

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. या तलावांची दुरुस्ती म्हणजे खोली वाढवणं, हा समज मनातून काढा. भंडारा-गोंदियातले, कोहळी समाजाने बांधलेले हे तलाव मुळातच उथळ आणि पसरट आहेत. बांधणाऱ्यांना ते जमलं नाही म्हणून नव्हे. नहरेने (पाटाने), उताराने, इंजिनाशिवाय पाणी बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पोचावं म्हणून ते तसे बांधले. तुडूमाच्या, म्हणजे नहरेत पाणी सोडायच्या तोंडाच्या, तळाच्या पातळीखाली कितीही खोल खड्डा केला तरी त्यातलं पाणी नहरेत येत नाही. ते तिथेच राहतं आणि मोटरवाल्याच्या कामी येतं. खोदताना तळातला चिकणमातीचा थर फुटला, तर खालच्या मुरमातून तेही जिरून जातं. "एवढा गाळ काढला, तरी डिसेंबरात तलाव आटला" ही तक्रार जिथे ऐकू येते, तिथे बहुतेक वेळा हेच झालेलं असतं.

म्हणून मशीन येण्याआधी दोन दिवस काढा आणि तलाव मोजा. लागतं ते एवढंच: १० फुटी १२ एमएमची लोखंडी सळई, खुंट्या, चुना, वही आणि गवंड्यांकडे असते ती पारदर्शक पाण्याची नळी, निदान १२० फूट लांब.

तलावाच्या पोटात दर ३० मीटरवर एक खुंटी ठोका. १० हेक्टरांत शंभराच्या आसपास खुंट्या होतात. प्रत्येक खुंटीला नंबर द्या. तिथे सळई एका माणसाने अंगाच्या भाराने सरळ खाली दाबायची, ठोकायची नाही. गाळात सळई लोण्यात गेल्यासारखी जाते. चिकणमाती लागली की हाताला जडपणा जाणवतो आणि ओढताना सळई धरून ठेवल्यासारखी वाटते. मुरूम लागला की कर्र आवाज येतो. जडपणा जिथे सुरू झाला तिथे सळईला चिमटीने धरा, वर काढा आणि मोजा. ही झाली त्या जागची गाळाची जाडी. खात्रीसाठी चार-पाच ठिकाणी तीन बाय तीन फुटांचे खड्डे करून थर डोळ्यांनी पाहून घ्या. वर काळा मऊ गाळ, मग पिवळट किंवा राखाडी चिकट माती, मग मुरूम, असा क्रम साधारण दिसतो. आपल्याला फक्त पहिला थर काढायचा आहे, आणि त्यातलाही खालचा अर्धा फूट जागेवरच ठेवायचा आहे.

आता पातळी. नळीत पाणी भरताना आत बुडबुडा राहू देऊ नका. एक बुडबुडाही माप चुकवतो. दोन्ही टोकं एकमेकांना लावून पाणी एका रेषेत आलं की नळी बरोबर समजायची. एक टोक तुडूमाच्या सर्वात खालच्या छिद्राच्या उंबऱ्याशी धरा, दुसरं खुंटीपाशी. तिथली जमीन उंबऱ्यापेक्षा किती वर आहे की किती खाली, ते वहीत त्या नंबरापुढे लिहा. मग तीच खुंटी आधार धरून पुढची. काम वेळखाऊ आहे. चार पोरं आणि एक गवंडी सोबत घेतला तर दिवसभरात उरकतं.

या दोन आकड्यांवरून नकाशा आपोआप तयार होतो. जिथे गाळाचा वरचा थर तुडूमाच्या उंबऱ्यापेक्षा उंच आहे, तिथला गाळ काढला की सिंचनाला पाणी वाढतं. मशीन पहिल्यांदा तिथेच लावायचं. उदाहरण घ्या. अशी जागा ३ हेक्टर निघाली आणि सरासरी दीड फूट, म्हणजे ४५ सेंटीमीटर गाळ काढता आला, तर १३,५०० घनमीटर जागा मोकळी होते. ब्रासमध्ये (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) पावणे पाच हजारांच्या आसपास. धानाच्या बांधीला दोन इंचांचं एक पाणी द्यायचं तर एकरी सुमारे २०० घनमीटर लागतात. बाष्पीभवन, झिरपा आणि नहरेतली गळती यांत निम्मं जाईल असं धरलं, तरी ३०-३५ एकरांना निसवण्याच्या वेळी एक संरक्षित पाणी मिळतं. भारी, म्हणजे उशिरा येणाऱ्या, धानवाल्यासाठी तेवढ्या एका पाण्यावर अख्खा हंगाम ठरतो.

उंबऱ्याखालचं खोदकाम फक्त एका डोहापुरतं करा. तलावाच्या एक दशांशाहून जास्त जागा नको, आणि तो डोह तलावाच्या मूळ खोलगट भागातच हवा. उन्हाळ्यात मासोळीची बीजं आणि जनावरांचं पाणी टिकायला तेवढा पुरतो. पाळीच्या, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाच्या, पायथ्यापासून १५ मीटरच्या आत बकेट लावू देऊ नका. चालकाला जवळचा गाळ उचलणं सोयीचं वाटतं, आणि पायथा मोकळा झाला की भरल्या तलावात पाळ आतून ढासळते. चुन्याची जाड रेघ मारून द्या आणि गावचा एक माणूस रोज मशीनजवळ उभा ठेवा. मुरूम किंवा वाळू लागली की काम तिथेच थांबलं पाहिजे. मंजुरी गाळाची असते, मुरमाची नसते. रस्त्याच्या भरावाला किंवा विटाभट्टीला माती हवी असणारे लोक याच वेळी तलावावर दिसू लागतात. ट्रॅक्टर कुठे रिकामा झाला याची वही ठेवली की हा प्रकार बराच आवरतो.

गाळापेक्षाही आधी तुडूम पाहा. हा मुद्दा जवळपास सगळेच सोडून देतात, म्हणून यावर थोडा थांबतो. तुडूम बंद केल्यावर मागून नहरेत पाणी येतंच असतं, आणि लोक त्याला "थोडीशी गळती" म्हणतात. १५ लिटरची बादली धरा आणि घड्याळ लावा. बादली १५ सेकंदांत भरली तर गळती सेकंदाला १ लिटर. दिवसाला ती होते ८६,४०० लिटर, म्हणजे ८६ घनमीटर. ऑगस्ट ते नोव्हेंबरच्या १०० दिवसांत ८,६०० घनमीटर. वरच्या उदाहरणात लाखो रुपयांचं डिझेल जाळून १३,५०० घनमीटर मिळवले होते. त्यातले दोन तृतीयांश एका सैल बुचाने घालवले. बूच, रबर, घासलेलं दगडी तोंड, फुटलेला पाइप, जे असेल ते आधी दुरुस्त करा. पाणी बुचातून न येता पाइपच्या बाहेरच्या बाजूने मातीतून येत असेल तर ते जास्त धोक्याचं आहे. तिथे नुसती सिमेंटची लिपणी चालत नाही; पाळ तेवढी उकलून पाइपभोवती चिकणमाती थराथराने ठोकावी लागते. त्यासाठी जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाच्या अभियंत्याला बोलवाच.

पाळीवर निघालेला गाळ टाकू नका. फुकटची माती, पाळ उंच होईल, असं वाटतं खरं. पण गाळ सुकला की भेगाळतो, भिजला की घसरतो. पाळीला चिकणमाती आणि मुरूम मिसळलेली माती लागते. माती मुठीत दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून टाका: दोन-तीन तुकडे झाले तर ओल बरोबर, चेपून पोळी झाली तर जास्त, भुगा झाला तर कमी. जुन्या उतारावरचं गवत आणि मुळं खरवडून, पायऱ्या कापून, मगच नवी माती सहा-सहा इंचांच्या थरांत टाकून ठोकायची. पायऱ्या कापल्या नाहीत तर नवी माती जुन्या पाळीवर नुसती बसलेली राहते आणि पहिल्या मोठ्या पावसात उतरते. उंदरांची, खेकड्यांची बिळं वरून बुजवू नका. शेवटापर्यंत उकरा आणि ठोकून भरा. पाळीवर जुनी मोठी झाडं असतील तर तोडू नका. तोडलं की बुंधा राहतो, मुळं कुजतात आणि पाळीच्या पोटात तयार नळ्या होतात. नवी झाडं मात्र पाळीवर लावायची नाहीत; उतारावर वाळा लावा.

सांडव्याची भिंत उंच करून जास्त पाणी अडवण्याची सूचना ग्रामसभेत कोणीतरी करतोच. मान्य करू नका. त्याने वरच्या बांध्या बुडतात, आणि पूर आला की पाणी सांडव्याऐवजी पाळीवरून जातं. मातीच्या पाळीवरून पाणी गेलं की पाळ काही तासांत जाते. सांडव्याच्या माथ्यापासून पाळीचा माथा सगळीकडे किमान तीन फूट उंच आहे ना, हे त्याच नळीने तपासून घ्या. गाडीवाट किंवा जनावरांची वाट जिथे पाळ ओलांडते तिथे ती हमखास खचलेली सापडते.

पावसाळ्यात पाळीच्या मागच्या पायथ्याशी पाणी पाझरताना दिसलं तर ग्लासात धरून पाहा. निर्मळ असेल तर खूण करून रोज लक्ष ठेवा. गढूळ असेल तर पाळीची माती आतून वाहते आहे. अशा वेळी लोक घाईने पायथ्याला चिकणमाती थापतात. तसं करू नका, कारण पाणी कोंडलं की दुसरीकडून फुटतं. पायथ्यावर आधी जाड वाळू, त्यावर बारीक गिट्टी, त्यावर दगड रचा. पाणी येऊ द्यायचं, माती अडवायची. सोबतच तुडूम उघडून तलावाची पातळी उतरवा, आतल्या बाजूने भोवरा दिसत असेल तिथे मातीची पोती सोडा, आणि तलाठ्याला, तहसीलला लगेच कळवा. रिकामी पोती आणि एक ट्रॉली वाळू जूनपासूनच पाळीजवळ ठेवलेली बरी.

आता बेशरम. ती गाळाआधी काढायची, हा क्रम चुकवू नका. बेशरमीच्या कांडीचा वीतभर तुकडाही ओलाव्यात मुळं धरतो. पोकलेन आधी उतरलं तर ते झुडपं मोडून गाळात मिसळतं, आणि मग तोच गाळ ट्रॉलीने शेतात जातो. दोन वर्षांनी धुऱ्यांवर बेशरम दिसली की त्यामागे बहुतेक हेच असतं. मार्च-एप्रिलात तळ कोरडा पडत जातो तशी काठाकडून आत येत कुदळ-सब्बलने मुळासकट उपटा. वरून कापून काही होत नाही, उलट जास्त फुटवे येतात. उपटलेली झुडपं पाण्याच्या रेषेपासून दूर, मुळं वर करून ढीग घाला. उन्हात वीस दिवस पडू द्या. कडकड मोडायला लागली की मगच हलवा. तणनाशक तलावात फवारू नका, ते पाणी जनावरं पितात आणि मासोळी त्यातच वाढते. पहिल्या वर्षी फार तर तीन चतुर्थांश जाईल. जुलै-ऑगस्टात नवे कोंब हाताने सहज उपटतात, तेव्हा बायाबापड्यांच्या गटाला मजुरी देऊन एक फेरी मारा. सलग तीन वर्षं अशी फेरी झाली तर तलाव मोकळा होतो. एक वर्ष जरी चुकलं तरी पुन्हा पहिल्यापासून.

गाळ शेतात किती टाकायचा? २०२३च्या शासन निर्णयात अल्प आणि अत्यल्पभूधारकांना घनमीटरला ३५.७५ रुपये अनुदान होतं, अडीच एकरांपर्यंत कमाल ३७,५०० रुपये, आणि एकरी ४०० घनमीटर ही मर्यादा. ती अनुदानाची मर्यादा आहे, गाळाची मात्रा समजू नका. एकरी ४०० घनमीटर म्हणजे चार इंचांचा थर. बरड, मुरमाड जमिनीला तो पचतो. धानाच्या भारी बांधीत त्याने निचरा थांबतो आणि पऱ्हं (धानाचं रोप) पिवळं पडतं. भारी जमिनीत टाकूच नका. मध्यम जमिनीला दोन इंच, म्हणजे एकरी ७० ब्रास खूप झाला.

टाकण्याआधी बाटलीची चाचणी करा. पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश गाळ, वर पाणी, चिमूटभर मीठ. जोरात हलवून ठेवून द्या. दोन मिनिटांत तळाशी बसते ती वाळू. ती निम्म्याहून जास्त असेल तर असा गाळ वाहून नेण्याचं डिझेलही फुकट जातं. एक नमुना कृषी विभागाच्या प्रयोगशाळेतही द्या. क्षार आणि सामू कळतो. ढीग मे संपायच्या आत पसरून, ढेकळं उन्हात फुटू द्या आणि नांगरून मिसळा. ढिगावर पाऊस पडला की तिथे ट्रॅक्टर फसतो आणि वर्षभर तो ढीग तसाच राहतो.

मासोळी घटण्याचं कारण नुसता गाळ नाही. तळातली पाणवनस्पती गेली की खाणं, अंडी घालायची जागा आणि पिल्लांचा आडोसा, तिन्ही जातात. अर्जुनी मोरगाव भागात मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढीवर समाजासोबत नेमकं हेच काम हाती घेतलं: बेशरम काढणं, पाणवनस्पती परत लावणं, देशी मासे राखणं. तुमच्या गावातल्या ढीवर म्हाताऱ्या माणसांना सोबत घ्या, कुठल्या कोपऱ्यात काय उगवत होतं ते त्यांना पाठ असतं.

लावणीची वेळ जुलै-ऑगस्ट, पाणी गुडघाभर असताना. शेजारच्या चांगल्या तलावातून हायड्रिला, वॅलिस्नेरिया, पोयणी, देवधान (जंगली धान) यांचे जुडगे मुळांसकट आणा, ओल्या गोणपाटात ठेवा आणि त्याच दिवशी लावा. मुळांशी चिकणमातीचा लाडू बांधून तीन-तीन फुटांवर तळात रोवायचा. माती नसली तर जुडगा तरंगून काठाला लागतो. सगळ्या तलावभर लावत बसू नका. काठाशी तीन-चार पट्टे करा आणि बांबू रोवून जुनी जाळी लावा, म्हणजे म्हशी शिरणार नाहीत. कमळ मोजकंच लावा. ते दोन-तीन वर्षांत सगळं पाणी झाकतं. जलपर्णीची एक काडीही चुकून सोबत येऊ देऊ नका. उथळ, देवधानाचे हे काठ सारस पक्ष्यालाही लागतात, आणि महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः गोंदियाच्याच आसऱ्याने आहे.

मत्स्यबीज सोडताना जिरे, म्हणजे अगदी बारीक पिल्लं, घेऊ नका, तीन-चार इंचांची बोटुकली घ्या. जिरे स्वस्त पडतात, पण मरळ आणि शिंगीच्या पोटात जातात. हिशेब भरल्या तलावाचा करू नका, डिसेंबरात जेवढं पाणी उरतं तेवढ्याचा करा. ते ५ हेक्टर असेल तर हेक्टरी २,००० प्रमाणे १०,००० बोटुकली पुरेत. कतला तीन, रोहू चार, मृगळ तीन या प्रमाणात. पिशव्या पंधरा-वीस मिनिटं तलावात तरंगत ठेवा, मग हळूहळू तलावाचं पाणी आत घ्या आणि नंतरच सोडा. गवत्या मासा सोडू नका, लावलेली सगळी वनस्पती तो पहिल्याच वर्षी फस्त करतो. आफ्रिकन मांगूर तर देशात बंदच आहे. देशी मरळ, शिंगी, मांगूर यांचं बीज विकत आणावं लागत नाही. पहिल्या पुरात ते सांडव्यावरून, बांध्यांतून चढतात. त्या तीन-चार आठवड्यांत सांडव्यावर मच्छरदाणीची जाळी लावायची नाही, एवढं ग्रामसभेने ठरवलं तरी पुष्कळ.

वरच्या अंगाचं थोडक्यात. पाणलोटातल्या बोड्या, म्हणजे छोटी तळी, फुटल्या असतील तर त्या आधी बांधा. गाळ अडवण्याचं काम त्याच करतात. पाणी आणणाऱ्या येव्याच्या नाल्यावर, तो तलावात शिरण्यापूर्वी, दगडी बांधांच्या दोन-तीन आडव्या रांगा घाला आणि दर उन्हाळ्यात तिथला गाळ उपसा. तलावाच्या पोटात कुणी शेती धरली असेल तर वाद घालण्याआधी भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या.

कागदांत तीन गोष्टी काढून ठेवा: सातबारा, निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. शेवटचे दोन तहसीलच्या अभिलेखांत मिळतात, आणि पाणी कुणाच्या बांधीला कोणत्या क्रमाने, घाट कुणाचा, जनावरांची वाट कुठली हे त्यांत लिहिलेलं असतं. मालगुजारी १९५१ साली गेली, मालकी सरकारकडे आली, पण निस्ताराचे, म्हणजे गावाच्या सामाईक वापराचे, हक्क कायम राहिले.  सामूहिक वनहक्क मिळालेला असेल तर मासोळीचा हक्कही त्यात येतो. मासोळीचा ठेका ज्या सहकारी संस्थेकडे आहे, तिला पहिल्या बैठकीपासून सोबत बसवा. त्यांच्या तलावात त्यांना न विचारता मशीन उतरवलं तर पुढची सगळी राखण कोण करणार?

आणि भांडण सगळ्यात जास्त ज्यावर होतं ते: उन्हाळी धान. तलावात पाणी वाढलं की पुढच्याच जानेवारीत काठावर चार इंजिनं जास्त लागतात आणि मार्चपर्यंत तळ दिसतो. म्हणून मशीन येण्याआधीच, पाणी वाढलेलं कुणी पाहिलेलं नसतानाच, ठराव करून घ्या. तुडूमाजवळ सिमेंटचा खांब उभारा, त्यावर फुटाफुटाच्या खुणा, आणि डोहाची राखीव पातळी जिथे येते तिथे लाल पट्टा. पाणी लाल पट्ट्याला टेकलं की इंजिन उचलायचं, मग ते सरपंचाचं असो की कुणाचं. पातळी दर सोमवारी वहीत लिहायची. पुढच्या एप्रिलात त्याच नंबरांच्या खुंट्यांवर पुन्हा सळई दाबा. किती गाळ परत आला ते कळेल आणि पाणलोटातली कुठली बोडी नीट बांधली गेली नाही तेही दिसेल.